भाचीचा पुडा

दादाच्या कारखान्यातून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक खोक्यात सगळ्यात वर एक पुडा जास्तीचा असायचा. तो ना बिलात, ना मोजणीत. बाकीचे पुडे शाळेच्या रांगेतल्या मुलांसारखे अंग चोरून उभे, आणि हा एकटा त्यांच्या डोक्यावर मजेत आडवा. त्याला पिवळ्या लोकरीचा धागा बांधलेला. पॅकिंगच्या काकू स्वतःच्या विणकामाच्या गुंड्यातला धागा तोडून, सुरेख गाठ मारून तो पाठवायच्या. या पुड्याला कारखान्यात सगळे भाचीचा पुडा म्हणायचे.

गोटी माझ्या पोटात होती तेव्हाच दादाने हे सुरू केलं. पॅकिंगच्या खोलीत उभं राहून त्याने सगळ्यांना सांगून टाकलं, की मामाचा कारखाना असताना भाचीने खाऊ विकत घ्यायचा नाही, आजपासून तिकडे जाणाऱ्या प्रत्येक खोक्यात वर एक पुडा भाचीचा. काकू म्हणाल्या, अहो, अजून जन्माला यायचंय ते, आणि भाचा झाला तर? दादा म्हणाला, तर त्याचा, पुडा काही बदलत नाही. हे सगळं मला फोनवर ऐकू येत होतं. मागे यंत्राची घरघर, बायकांचं हसणं आणि त्यात दादाचा तो मोठा आवाज. मी इकडे स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होते आणि उगाचच रडत होते. त्या दिवसांत मी कशानेही रडायचे म्हणा.

भाचीच झाली. गोल, घट्ट, हातातून घरंगळेल अशी, म्हणून गोटी. तिला दात येईपर्यंत तिच्या वाटचे पुडे आम्हीच संपवले. तिचा बाबा म्हणायचा, लेकीच्या नावावर मी वजन वाढवतोय. धागे मात्र मी टाकले नाहीत. बाबागाडीच्या दांड्याला एकेक करून गुंडाळत गेले. गोटी त्यांच्याशी खेळायची, तोंडात घालायची, झोपताना एक टोक मुठीत धरून ठेवायची. तिला आई कळायच्या आधी तो पिवळा रंग कळला असावा.

आम्ही विकायचो त्या नळ्या. पातळ कुरकुरीत पापुद्र्याची गुंडाळी, आत चॉकलेट, बाहेरून पुन्हा अर्धी चॉकलेटात बुडवलेली. बाबांनी त्या घराच्या मागच्या खोलीत एका तापत्या तव्यावर सुरू केल्या होत्या. दादा आणि मी गुंडाळायला बसायचो. त्याची बोटं भाजायची नाहीत, माझी भाजायची, आणि तो माझ्या वाटणीच्या गुपचूप गुंडाळून द्यायचा. पुढे कारखाना झाला, बाबा गेले, सगळं दादावर आलं. लग्न होऊन मी इकडे, परदेशात, निघाले तेव्हा सामानात कपड्यांपेक्षा नळ्या जास्त होत्या. इथे शेजारच्या मुलांनी त्या दोन दिवसांत फस्त केल्या आणि तिसऱ्या दिवशी आमच्या दारात येऊन उभी राहिली. तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की या इथे विकता येतील.

पुढच्या खेपेला माहेरी गेले तेव्हा जेवताना मी विषय काढला. दादा हसला नाही. घास खाली ठेवून म्हणाला, "ठरलं. कारखाना माझा, तिकडचा बाजार तुझा. तिथे एक नळी जरी विकली गेली, तर ती तुझ्या हातून."

आईने दोघांच्या ताटात एकदमच वाढलं. मी ती तिची सही समजले. आमच्यात कागद कधी झाला नाही. भावाबहिणीत कागद करतात ते भांडणारे, असं आम्हाला वाटायचं.

परदेशी खाऊ विकणं म्हणजे काय, हे विकायला लागल्यावर कळतं. माल दुसऱ्या कोणाच्या कंटेनरमध्ये थोडी जागा घेऊन यायचा. बंदरावरून सोडवून आणायचा. मग प्रत्येक पुड्यावर इथल्या भाषेतलं लेबल चिकटवायचं, आत दूध आहे, गहू आहे, कोणाला चालत नसेल तर जपा, आणि खाली आणणाऱ्याचं नाव, म्हणजे माझं. ते नाव तिथे पहिल्यांदा छापून आलं तेव्हा मी एक लेबल फ्रिजच्या दारावर चिकटवलं होतं. गोटी दुपारी झोपली की मी मागच्या खोलीत लेबलं लावत बसायचे. रविवारी तिचा बाबा मदतीला. तो तिरकी लावायचा. मी सोलून परत लावायचे. आमची भांडणं बहुतेक याच विषयावर व्हायची, आणि तीसुद्धा कुजबुजत, कारण भिंतीपलीकडे लेक.

पहिल्याच खेपेचा माल बंदरावर उन्हात पडून राहिला. चॉकलेट वितळून परत घट्ट झालं आणि त्यावर पांढुरकी साय धरली. चवीला काही होत नाही, पण बघणाऱ्याला बुरशीच वाटते. ज्या दुकानांत माल दिला होता त्या प्रत्येक दुकानात मी परत गेले आणि दुकानदारासमोर पुडा फोडून खाऊन दाखवला. कोपऱ्यावरचा टोपीवाला दुकानदार, बारा महिने कानांवर लोकरीची टोपी, मी गिळेपर्यंत माझ्या गळ्याकडे बघत होता. मग म्हणाला, अजून एक खा. मी खाल्ली. तेव्हा त्याने उरलेला पुडा स्वतःच्या गल्ल्याजवळ ठेवला आणि त्या दिवसापासून तो दुकानदार माझा झाला.

गोटी झाल्यावर मी तिला घेऊनच फिरायला लागले. बाबागाडीत वर लेक, खाली माल. टोपीवाला दर वेळी तिच्याकडे बोट दाखवून विचारायचा, खालच्याचा भाव माहीत आहे, वरचा माल केवढ्याला? मी म्हणायचे, तो नमुना आहे, विकायचा नाही. तो म्हणायचा, मग पुढची खेप कधी? गावठी विनोद, पण त्या दिवसांत माझ्याशी दिवसाउजेडी बोलणारं मोठं माणूस म्हणजे तोच. मला तो विनोद आवडायचा.

हळूहळू आमच्या भागातल्या बहुतेक छोट्या दुकानांत नळ्या दिसायला लागल्या. मला हवी होती ती मोठी दुकानं. इथे एका नावाची चकचकीत सुपरमार्केटं गावोगाव आहेत. त्यांच्या फळीवर एकदा माल लागला की मागच्या खोलीत लेबलं लावत बसायची गरज नव्हती, गोदाम घेता आलं असतं, दोन माणसं ठेवता आली असती. त्यांच्या खाऊखात्याच्या खरेदीवाल्या बाईंना मी पोट पुढे घेऊन भेटले होते, नमुने देऊन आले होते, बाळंतपणाच्या आदल्या आठवड्यापर्यंत फोन करत होते. शेवटी त्यांनी वेळ दिली. नेमका तेव्हाच दादा भाचीला बघायला आला होता.

काय आनंद झाला होता मला. दादाने गोटीला घेतलं आणि ती त्याच्या दाढीला हात लावून हसली. तो म्हणाला, "बुटके, ही तुझ्यावर नाही गेलीय, उंच होणार." मी त्याला सगळीकडे फिरवलं. माझी दुकानं दाखवली, टोपीवाल्याशी ओळख करून दिली. कुठे काय खपतं, इथल्या लोकांना चॉकलेट थोडं कडसर का लागतं, लेबलावर कुठला शब्द चालतो आणि कुठला चालत नाही, जे जे मला ठेचा खाऊन कळलं होतं ते सगळं भरभरून सांगितलं. तो नीट ऐकत होता. मध्येच म्हणाला, तू तर माझ्याही पुढे गेलीस. मला वाटलं, बाबा असते तर हेच म्हणाले असते.

खरेदीवाल्या बाईंकडे आम्ही तिघं गेलो, दादा, मी आणि गोटी. काचेची खोली, लांबलचक टेबल. मी बोलायला सुरुवात केली आणि गोटीने भोंगा लावला. भूक लागली होती. थोपटलं, हलवलं, उपयोग नाही. दादा म्हणाला, तू जा गं, मी बघतो. मी बाहेर गेले, जिन्याखालच्या एका खुर्चीवर बसून तिला पाजलं. ती दूध पिते तेव्हा घाई करून चालत नाही, मध्येच थांबते, माझ्याकडे बघते, हसते, परत पिते. त्या दिवशीही तसंच केलं. मीही हसले तिच्याकडे बघून. परत आले तोवर आत सगळे उभे राहून हात मिळवत होते. कळवतो म्हणाल्या, दादा लिफ्टमध्ये म्हणाला.

महिन्याभराने तिकडून त्याचा फोन आला. त्यांचं त्याच्याकडे उत्तर आलं होतं, यंदा नाही. तो म्हणाला, सोड गं, मोठ्या लोकांचे नखरे मोठे. आधी पोरगी सांभाळ, बाजार कुठे पळून चाललाय? त्या दिवशी मला त्याचा आधारच वाटला.

गोटीच्या लशीची तारीख होती तेव्हा आम्हाला शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात जावं लागलं. सुई टोचल्यावर तिने जो सूर लावला तो रस्त्याभर. लंगोट संपले होते, म्हणून मी वाटेतल्या सुपरमार्केटात शिरले. त्याच नावाचं, चकचकीत. गोटीला ट्रॉलीत बसवलं. ती हुंदके देत होती, नाक वाहत होतं.

खाऊच्या फळीशी एक बाई जमिनीवर गुडघे टेकून खोकी फोडत होती. मळका एप्रन, कानामागे पेन. मी तिच्या मागून जात होते आणि गोटीचं रडणं एकदम थांबलं. तिने दोन्ही हात पुढे केले आणि आवाज काढला, तिचा तो ओळखीचा आवाज, जो ती फक्त बाबागाडीच्या दांड्याकडे बघून काढते.

खोक्यात सगळ्यात वर, आडवा, पिवळ्या लोकरीचा धागा बांधलेला पुडा होता.

पहिला क्षण, खरं सांगते, मला आनंद झाला. आपला माल इथे, असं मनात आलं. कुठून आला, कसा आला, हे सुचायच्या आधीच आनंद झाला. मग मी फळीकडे पाहिलं. वरून खालपर्यंत नळ्या. मी एक पुडा उचलून उलटा केला. लेबल होतं. दूध आहे, गहू आहे, जपा. शब्द न शब्द माझा, मी दादाला डोळ्यांखालून घालायला पाठवलेला. फक्त खाली आणणाऱ्याचं नाव दुसऱ्याच कोणाचं.

त्या बाईने तो वरचा पुडा काढून एप्रनच्या खिशात टाकला. मी बघतेय हे पाहून ती ओशाळली. म्हणाली, चोरी नाही हं, हा जास्तीचा असतो. प्रत्येक खोक्यात. बिलात नसतो, म्हणून आम्ही चहाबरोबर खातो.

"कधीपासून येतोय हा माल?" मी विचारलं.

"झाले की बरेच महिने. चांगला खपतो." तिने गोटीच्या पुढे आलेल्या हातांकडे पाहिलं, खिशातून पुडा काढला आणि तिच्या मुठीत दिला. "घे, बाळा. तुझ्यासाठीच असेल."

ती सहज बोलली. मी लंगोट न घेताच बाहेर आले. घरी पोचेपर्यंत गोटीने धागा सोडवून चोखून पांढरा केला होता.

तिच्या बाबाला सांगितलं, तर तो बराच वेळ पुडा हातात फिरवत राहिला. तो मुळातला सावकाश माणूस. म्हणाला, तिकडच्या दुकानातून कोणी घाऊक उचलून परस्पर इकडे आणत असेल, असं करतात लोक. मला ते इतकं पटायला हवं होतं, की मी लगेच मान हलवली. मग मीच म्हणाले, "तिकडच्या दुकानात जाणाऱ्या खोक्यात भाचीचा पुडा नसतो."

तो उठून लेकीला हात धुवायला घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी गोटी झोपल्यावर मी दादाला फोन लावला. सरळ विचारायचं ठरवलं होतं, पण त्याचा आवाज ऐकला आणि मी त्याला सुटायला वाट करून दिली. म्हटलं, पलीकडच्या सुपरमार्केटात नळ्या दिसल्या, दुसऱ्याच्या नावाने. दादाला धक्काच बसला. कोण भामटा आहे म्हणाला, शोधून काढतो म्हणाला, तू नाव पाठव, सोडत नाही त्याला. इतकं छान रागावला, की लहानपणी शाळेत मला ढकलणाऱ्या मुलाच्या मागे धावला होता तसाच. मी ऐकत राहिले. मला वाटत होतं, हा असाच रागावत राहावा, थांबूच नये.

"दादा," मी शेवटी म्हटलं, "त्या खोक्यात वर पिवळ्या धाग्याचा पुडा होता."

मागे यंत्र चालू होतं. त्याची घरघर तेवढी येत राहिली.

"कोणी सांगितलंच नसेल त्यांना," मी म्हटलं. "काकूंना वाटलं असेल, तिकडे चाललंय म्हणजे ताईकडेच चाललंय. तूच तसं सांगितलं होतंस."

मग तो बोलायला लागला. आधी समजुतीच्या सुरात, मग भराभर. खरेदीवाल्या बाई त्याच दिवशी तयार झाल्या होत्या. पण त्यांना दर आठवड्याला माल हवा, गोदाम हवं, फोन केल्यावर उचलणारं माणूस हवं. तू बाहेर बसलेली, पोर कडेवर. त्यांनीच विचारलं म्हणे, या बाईंना जमेल का? त्यांनी एका मोठ्या आयातदाराचं नाव सुचवलं, दादा दुसऱ्या दिवशी त्याला भेटून आला. शहर बघायला जातो म्हणून एकटा गेला होता, तो दिवस. मी त्याला डबा करून दिला होता.

"मला विचारायचंस तरी," मी म्हटलं.

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस, आणि मेली असतीस राबून. तुझ्या भल्याचंच केलं ना? छोटी दुकानं आहेतच तुझी. त्यांना कोण हात लावतंय?"

"तू बाजार म्हणाला होतास, दादा. छोटी दुकानं नव्हता म्हणाला."

मग तो जे म्हणाला ते त्याने चिडून म्हटलं असतं तर मी विसरले असते. तो अगदी मायेने म्हणाला, "अगं, शब्द दिला तेव्हा गोटी नव्हती, बुटके."

मी फोन ठेवला. आतल्या खोलीत जाऊन तिच्याकडे बघत बसले. पाय पोटाशी, ढुंगण वर, एक हात उशीखाली. माझ्या लेकीच्या नावाने खाऊही पाठवला आणि तिच्याच नावाने बाजारही काढून घेतला. आणि ही बिचारी घोरतेय.

आईचा फोन संध्याकाळी आला. म्हणजे दादाने सांगितलं होतं. मला वाटलं, आई निदान मधे पडेल. तिने आधी गोटी जेवली का विचारलं, ताप आला का विचारलं. मग म्हणाली, तो वाईट नाही गं.

"तुला माहीत होतं?"

"मीच म्हणाले त्याला, एवढ्यात सांगू नकोस," आई म्हणाली. "ओली बाळंतीण तू. मनाला लावून घेतलं असतंस तर अंगावरचं दूध गेलं असतं. पोरीचं दूध तुटू नये म्हणून गप्प बसले मी."

आईने माझ्या दुधासाठी माझ्याशी लपवाछपवी केली आणि ते तिला अजूनही चांगलंच वाटत होतं. सगळ्यांनी माझं भलं केलं होतं. कोणावर ओरडावं हेही मला कळेना. मी म्हटलं, गोटी उठली, ठेवते. गोटी माझ्या मांडीवर बसून जागीच होती.

त्या वेळी एक खेप समुद्रात होती. मी आधीच मागवलेली, माझ्या दुकानांसाठी. तिची वाट बघत दिवस गेले. या काळात दादा फोन करायचा, मी उचलायचे. आम्ही गोटीच्या दातांबद्दल बोलायचो. तिच्या बाबाने एकदा विचारलं, पुढे काय करायचं ठरवलंयस? मी म्हटलं, माल येऊ दे. खरं तर मनात मी दादाला सूट देऊन टाकत आले होते. माणूस चुकतो. हावरट होतो. पण हा तोच, ज्याने माझ्या वाटच्या नळ्या स्वतःची बोटं घालून गुंडाळल्या होत्या. कदाचित तो म्हणेल, चुकलो. कदाचित तेवढंही नको. त्या खोक्यांतून मला नेमकं काय हवं होतं ते मलाही सांगता आलं नसतं. पण वाट मी त्यांचीच बघत होते.

माल आला तो एका निवांत सकाळी. तेव्हा गोटी भिंत धरून चालायला लागली होती. खोकी मागच्या खोलीत रचली, आणि तिने स्वतःच डुगडुगत येऊन पहिल्या खोक्यावर थापा मारल्या. उघड, म्हणून. खोकी उघडायची म्हणजे आधी तिचं काढायचं, हे तिला पाठ झालं होतं. मी चिकटपट्टी कापली, झाकणं वर केली. तिने आत हात घातला.

वर पुडा नव्हता. त्या जागी एक पुठ्ठा होता. दुमडलेला, पुड्याच्या लांबीरुंदीचा, अगदी त्याच मापाचा. तो काढून गोटीने माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा आत हात घालून चाचपलं. मी दुसरं खोकं उघडलं, तिसरं उघडलं, मग भराभर सगळीच. प्रत्येकात तसाच पुठ्ठा. कोणीतरी बसून माप घेऊन, पात्याने सरळ कडा कापून, एकेक घडी घालून ठेवले होते. खोलीभर झाकणं उघडी आणि मधे गोटी, हातात पुठ्ठा घेऊन. तिने तो चावून पाहिला आणि तोंड वाकडं केलं.

मी तिथेच खाली बसून दादाला फोन लावला.

"माल मिळाला का गं?" तो म्हणाला. आवाजात खुशी होती. माझा फोन बऱ्याच दिवसांनी आपणहून गेला होता.

"मिळाला. वर पुठ्ठे आहेत."

"हो. बंद केलं ते पुड्यांचं. सगळ्याच खोक्यांतून. त्या सुपरमार्केटवाल्यांकडून विचारणा आली, बिलाबाहेरचा माल कसला म्हणून. आणि तुझ्यासाठी वेगळं पॅकिंग कुठे ठेवत बसू?"

"पण पुठ्ठा कशाला?"

त्याला प्रश्नच कळला नाही. "अगं, ती जागा रिकामी राहते ना. माल हलतो आत. नळ्या मोडतील तुझ्या."

नळ्या मोडतील म्हणून काळजी केली होती त्याने. मला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही. मी म्हटलं, "दादा, ही शेवटची खेप. पुढची त्या दुसऱ्यालाच पाठव."

"वेडी आहेस का? मग विकणार काय तू?"

"ते मी बघेन."

"एका पुड्यावरून? अगं, पेटीभर पुडे पाठवतो भाचीला, हवे तितके. राग गेला की फोन कर, बुटके."

मी ठेवते म्हटलं आणि ठेवला. त्याला खरंच वाटत होतं, की हे पुड्यावरून आहे. आणि मला समजावून सांगायचा कंटाळा आला. आयुष्यात पहिल्यांदा दादाला काही समजावून सांगायचा कंटाळा आला, हे मला त्या फोननंतर थोड्या वेळाने जाणवलं, आणि मग मात्र रडू आलं. गोटी उठून आली, माझ्या मांडीत शिरली आणि माझ्या गालाला तो ओला पुठ्ठा लावला.

लेबलं तर लावायलाच हवी होती, माल आला होता, दुकानदार वाट बघत होते. ती लावली. बाबागाडीत खाली पुडे भरले, वर गोटीला बसवलं. निघताना दांड्यावरचे धागे सोडायला घेतले. काकूंच्या गाठी पक्क्या, त्यातून गोटीच्या लाळेने घट्ट झालेल्या. दोनतीन सुटले. तिने शेवटचं टोक मुठीत धरून ठेवलं, तिला कुठे काय माहीत. मग मी ते तसंच राहू दिलं. धागा काकूंचा होता, त्यांनी माझं काही घेतलं नव्हतं.

टोपीवाल्याने पुडे मोजून घेतले, नेहमीच्या फळीवर लावले. मी त्याला सांगितलं, या नळ्या आता माझ्याकडून येणार नाहीत, हव्या असतील तर मोठ्या दुकानातून मिळतील. त्याने का, कसं, विचारलं नाही. टोपी मागे सारून डोकं खाजवलं, हातातला पुडा उलटा करून माझ्या नावाच्या जागेवर अंगठा फिरवला.

"मग पुढच्या खेपेला दुसरं काय आणणार?"

"अजून ठरलं नाही."

"आण काहीतरी. नाव हेच असू दे खाली." मग सवयीने त्याने गोटीकडे बोट दाखवलं. "आणि हा वरचा माल केवढ्याला?"

नमुना आहे, विकायचा नाही, हे दर वेळचं उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं. पण मी नुसतीच बाबागाडी वळवली. गोटीने मात्र मागे वळून त्याला हात हलवला, मुठीतला पिवळा धागा न सोडता.